फानप्पा आणि बाणाचं अक्षर

चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला समज व्हायला नको. फानप्पांचं दुकान मी बंद पाडलं. सील पोलिसांनी लावलं, हुकूम वरून आला, दिवस चीनशी लढाईचे होते, हे सगळं खरं आहे. पण त्याच्या आदल्या दिवशी पाटबंधाऱ्यांच्या कचेरीतला एक सव्वीस वर्षांचा ड्राफ्ट्समन ठाण्याच्या भिंतीला सायकल टेकवून आत गेला होता, आणि तो मी होतो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

फान हे त्यांचं आडनाव. पूर्ण नाव पाटीवर होतं, पण ते म्हणायचा त्रास कुणी घेतला नाही. आमच्या आईने त्यांचं फानप्पा केलं आणि मग सगळी गल्ली त्यांना तेच म्हणू लागली. त्यांचे वडील चीनमधून दात काढायची हत्यारं एका लाकडी पेटीत घालून कलकत्त्याला उतरले आणि जत्रेमागून जत्रा करत म्हैसूरला येऊन थांबले. फानप्पा स्वतः शिमोग्याकडच्या कुठल्यातरी जत्रेत जन्मलेले. कन्नड आमच्याइतकंच बोलत. आईमुळे थोडं मराठीही आलं होतं, आणि ते आमच्या मराठीसारखंच होतं, म्हणजे निम्मं कन्नड.

देवराज मार्केटच्या मागच्या गल्लीत, बसवण्णाच्या चहाच्या दुकानाला लागून त्यांची एक खोली होती. काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे मांडलेले, मध्ये पायाने चालवायचं दात कोरण्याचं यंत्र आणि भिंतीवर एकच अक्षर लिहिलेला पिवळा पडलेला कागद. फानप्पा ठेंगणे, गोल चष्म्याचे. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि प्लास्टरच्या भुकटीमुळे ते पांढरे मुळातले की झालेले हे कळत नसे. काढलेला दात ते कागदात बांधून ज्याचा त्याला परत देत. "तुमची वस्तू आहे. मी कशाला ठेवू?" म्हणत. दसऱ्याच्या मिरवणुकीला न चुकता येत, पण त्यांची नजर अंबारीकडे जायचीच नाही. हत्ती जवळ आला की सुळे न्याहाळत आणि मान हलवून म्हणत, "याला माझी गरज नाही."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला आधी "बायी तेगीरी" म्हणजे तोंड उघडा म्हणायचं, आणि उघडलं की आरसा आत घालून सांगायचं, "आता तुम्हाला खोटं बोलता येणार नाही."

एकदा गरडीत कुस्ती खेळणारा एक धिप्पाड पैलवान आला होता. मी तेव्हा आईला घेऊन बाकावर बसलो होतो. पैलवान उभ्यानेच सांगत होता, दुखत वगैरे काही नाही, मित्रांनी आणलं म्हणून आलो, तंबाखूला आपण हात लावत नाही.

"बायी तेगीरी," फानप्पा म्हणाले. आत पाहिलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, यांनी निम्मं पिरियापट्टण खाल्लंय."

पिरियापट्टणची तंबाखू सगळ्यांना ठाऊक. पैलवानसुद्धा हसला. मग फानप्पांनी पायाने यंत्र सुरू केलं. घुर्र आवाज झाला आणि पैलवान खुर्चीतून सरळ खाली घसरला. बसवण्णा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. फानप्पा वर्तमानपत्राने वारा घालत पुटपुटत होते, "अहो, मी नुसता पट्टा बसतोय का बघत होतो!"

त्या भिंतीवरच्या अक्षराबद्दल आईनेच विचारलं होतं. आईला कुठलीही भिंत वाचल्याशिवाय चैन पडत नसे.

"काय रे फानप्पा, देवाचं नाव आहे का?"

"नाही अम्मा. आजाराचं अक्षर. बापाच्या हातचं आहे."

"अय्यो! दुकानात आजार टांगलायस?"

फानप्पांनी पेन्सिल घेतली आणि पाठकोऱ्या कागदावर ते अक्षर सावकाश काढून दाखवलं: 疾. आकृत्यांची मला आवड, म्हणून मीही वाकून पाहिलं. डावीकडून वर जाणाऱ्या रेघा म्हणजे खाट, ते म्हणाले. माणूस आजारी पडला की खाट धरतो. अक्षरात ती उभी करून ठेवली आहे, इतकंच. खाटेच्या कुशीत आहे तो बाण. हजारो वर्षांपूर्वी लोक कासवाच्या कवचावर आणि हाडांवर अक्षरं कोरत, तेव्हा यात खाट नव्हती. हातपाय पसरून उभा माणूस आणि त्याच्या काखेखाली घुसलेला बाण, एवढंच चित्र होतं. पुढे लिहिणारे बदलले, हाडं गेली, कुंचला आला. माणूस अक्षरातून निघून गेला, त्याच्या जागी खाट आली. बाण मात्र राहिला.

"म्हणून आजारी माणसाला रागवू नये, असं बाप सांगायचा," फानप्पा म्हणाले. "बाण बाहेरून येतो."

"आणि नुसतं आजार एवढाच अर्थ?" मी विचारलं.

"नाही रावरे." रावरे म्हणजे कन्नडमधलं रावसाहेब. "वेगाने, झपाट्याने, असाही होतो. बाण तसा जातो ना. आणि कुणाचा द्वेष करणं, तेही याच अक्षराने लिहितात."

आजाराचं आणखी एक अक्षर आहे, तेही त्यांनी सांगितलं. ते मोठ्या दुखण्याचं. पहिल्याकडे दुर्लक्ष केलं, ते वाढलं, की दुसरं. "वेळेवर आलात तर भिंतीवरचं. उशीर केलात तर ते दुसरं. ते मी टांगत नाही, गिऱ्हाईक पळून जाईल." मग म्हणाले, "वैद्याच्या अक्षरातपण बाण असतो, अम्मा. पण तो पेटीत ठेवलेला."

आईला हे फार आवडलं. घरी येऊन तिने शेजारणीला सगळं अक्षर समजावून सांगितलं, खाट आणि बाणासकट. मलाही आवडलं होतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे याच माहितीचा मी काय उपयोग केला ते सांगायचं आहे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आईचे खालच्या जबड्यातले उरलेसुरले तीन दात दुखायला लागले. फानप्पांनी ते काढले आणि हिरडी वाळली की कवळी बसवायचं ठरलं. तेवढ्यात लढाई सुरू झाली.

गल्ली बदलायला आठवडासुद्धा लागला नाही. फानप्पांच्या बाकावर कुणी बसेना. ते दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायला जाऊ लागले. शहराबाहेर जायचं तर परवानगी लागे. त्यांनी पाटीवरचा "चायनीज" शब्द खरवडून काढला, पण भिंतीवरचा कागद उतरवला नाही. बसवण्णाने सांगून पाहिलं, "फानप्पा, तेवढं काढून ठेव, लोक काहीबाही बोलतात." ते म्हणाले, "बापाच्या हातचं आहे." लोक बोलत होते हे खरंच होतं. मीही बोलत होतो. आमच्या कचेरीत परिपत्रक आलं होतं, धरणाचे आणि तलावांचे सगळे नकाशे कुलपात ठेवा, अनोळखी माणसावर लक्ष ठेवा. सव्वीस वर्षांच्या माणसाला असं परिपत्रक म्हणजे हातात बंदूक दिल्यासारखं वाटतं. मला जो तो संशयास्पद दिसू लागला. कॅमेरा घेतलेला फोटोग्राफर, कण्णंबाडी धरणाची चौकशी करणारा प्रवासी, सगळेच. आणि फानप्पा तर होतेच.

मी आईला सांगितलं, तिथे जायचं नाही.

"आणि कवळी?"

"दुसऱ्याकडून करू."

"आमचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत तलवार गाजवून गेले," आई म्हणाली, "आणि तू माझ्या कवळीला भितोस. सुम्मने, गप बस जरा."

दुसऱ्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडली आणि तासभर परतली नाही. मी थेट फानप्पांकडे गेलो. आई खुर्चीत होती, तोंडात मेणाची कवळी घालून बसलेली. फानप्पा एका लांबट वहीत पाहत होते. मला पाहताच त्यांनी वही मिटली आणि टेबलाच्या खालच्या खणात सरकवली.

त्या दिवसांत ते प्रत्येकालाच भीत होते, हे आज कळतं. तेव्हा मला फक्त घाई दिसली. आणि वही मिटण्याआधी मी जे पाहिलं होतं, ते मी ओळखलं होतं, निदान तसं मला वाटलं. हुणसूरच्या वाटेवर एक जुनं तळं आहे. त्याचा बांध घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे. त्या बांधाचा नकाशा माझ्याच हातचा होता: वळणदार रेघ, ठरावीक अंतरावर आडव्या खुणा, प्रत्येक खुणेला आकडा, आणि पाणी सोडायच्या तीन मोऱ्या, ज्यांना आम्ही तूबु म्हणतो. वहीत तीच वळणदार रेघ होती. तेच आकडे होते. आणि तीन ठिकाणी, जिथे तूबु असायला हवेत साधारण तिथेच, ते अक्षर होतं. बाणाचं. झपाट्याने आणि द्वेष असे अर्थ असलेलं.

आईला मी हात धरून बाहेर आणलं. फानप्पांनी घाईघाईने मेणाची कवळी तिच्या तोंडातून काढून घेतली आणि म्हणाले, "सोमवार नको अम्मा, मंगळवारी या. तयार ठेवतो."

त्याच दुपारी मी ठाण्यात गेलो. वही कुठल्या खणात आहे तेही सांगितलं.

इथवरच्या चुकीला चूक म्हणता येईल. दिवस तसे होते, वय तसं होतं. ज्यासाठी मी हे लिहितो आहे ती गोष्ट पुढची आहे.

तीन दिवसांनी मला बोलावणं आलं. नकाशा ओळखायला जाणकार हवा होता आणि खबर देणाराच जाणकार निघाला, म्हणून इन्स्पेक्टर खूश होते. टेबलावर वही होती. "बघा सावकाश," ते म्हणाले.

मी पहिलं पान उघडलं. वळणदार रेघ, सोळा आकडे. दुसरं पान. तीच रेघ, तेच सोळा आकडे. तिसरं, चौथं, दहावं. काही पानांवर एकाच ठिकाणी अक्षर, काहींवर पाच ठिकाणी. म्हैसूर मुलखात तळी पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा बांध त्याच मापाचा कसा असेल? मधल्या एका पानावर कोपऱ्यात कन्नडमध्ये दोन शब्द होते: "अम्मा, खालचा." त्या पानावर तीन खुणा होत्या. मी जीभ माझ्याच खालच्या दातांवरून फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सोळा.

आईचा जबडा घेऊन मी ठाण्यात आलो होतो.

"काय, नकाशाच आहे ना?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

एक वाक्य बोलायचं होतं. सर, हे दात आहेत. ते हसले असते. कदाचित कचेरीत कळलं असतं आणि वर्षभर हसले असते. किंवा मला विचारलं असतं, आता चिन्याची बाजू घेता का? त्यांच्या टेबलामागच्या बंद खोलीत फानप्पा बसले होते. दाराखालून त्यांचे पांढरे बूट दिसत होते, एकमेकांना अगदी चिकटवून ठेवलेले.

"नक्की सांगता येत नाही, सर," मी म्हणालो.

फानप्पांना बेंगळूरला नेलं. पुढे सोडलं, पण धरणाजवळच्या शहरात राहायला मनाई झाली आणि दुकानाचं सील तसंच राहिलं. आई मंगळवारी गेली तेव्हा दाराला कुलूप आणि कुलपाला लाख होती. आत तिची कवळी होती.

ती दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. मी किती विनवण्या केल्या. "माझी कवळी फानप्पाकडे आहे," एवढंच म्हणायची, जणू शिंप्याकडे कपडे टाकले आहेत. चौदा वर्षं तिने भात मऊ करून कालवून खाल्ला. चकलीचा तुकडा ताकात भिजवून चघळायची. घरात पाहुणे असले की तोंडावर पदर धरायची. एकदा मला वाढता वाढता सहज म्हणाली, "शीनू, पोलिसांनी म्हणे सरळ खालचाच खण उघडला. कुणी सांगितलं असेल रे?"

"मला काय ठाऊक?"

तिने आणखी एक पोळी वाढली. पुन्हा कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं की नाही, हा संशय मला तेव्हापासून आहे. बसवण्णाने चहाचा पेला जरा जोरात ठेवला की वाटायचं, याला कळलंय. कचेरीत कुणी दातांवरून विनोद केला की वाटायचं, माझ्यावरच आहे. पूर्वी मी सगळ्यांकडे जसा पाहत होतो, तसेच सगळे माझ्याकडे पाहताहेत असं वाटण्यात माझी चौदा वर्षं गेली.

आई गेली. त्यानंतर वर्षभराने बसवण्णाने मला दुकानात बोलावून एक चिठ्ठी दिली. म्हातारा झाला होता.

"रावरे, तुम्ही कामाला बेंगळूरला जाता ना? हा फानप्पाचा पत्ता. शिवाजीनगरकडे कुणाच्या तरी दुकानात कवळ्या करतो म्हणे. मी पाच पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. रोज माझ्याकडे दोनदा चहा प्यायचा हो तो. एवढंच विचारून या, माझं काय चुकलं?"

मी गेलो. दाढ महिनाभर ठणकत होती हे निमित्त होतं आणि खरंही होतं. दुकान दुसऱ्याच माणसाचं होतं. मागच्या बाजूला पडद्याआड फानप्पा बसले होते, पाठीला बाक आलेला, बूट तसेच. मालक जेवायला गेला होता. त्यांनी मला ओळखलं नाही. खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बायी तेगीरी."

आरसा आत गेला. बराच वेळ ते पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हैसूर?"

मी मान हलवली.

"चेहरे आता राहत नाहीत लक्षात. पण असाच जबडा मी भरलाय मेणात, अम्मांचा. अम्मांचा मुलगा. रावरे, तुम्ही." त्यांचे डोळे भरून आले. "अम्मा?"

मी पुन्हा मान हलवली, आडवी.

"त्यांची कवळी तयार होती. नुसती घासायची राहिली होती." मग आरसा तसाच धरून दुसऱ्या हाताने त्यांनी वहीच्या कोऱ्या पानावर ती रेघ ओढली, एका दमात, आणि आकडे घातले. "बसवण्णा आहे अजून?"

माझं तोंड उघडं होतं. मी घशातून हुंकार दिला.

"असू दे. मी त्याच्या पत्रांना उत्तर देत नाही. वही खालच्या खणात असते हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? आणि इन्स्पेक्टर चहा प्यायचा त्याच्याचकडे. सुरुवातीला मी सगळ्यांवर संशय घेतला रावरे. पैलवानावर, फुलवाल्यावर. एकदा तर अम्मांवरसुद्धा. मग एकेक नाव गळत गेलं आणि बसवण्णाच उरला. राग नाही आता. पण पत्र उघडवत नाही."

ते बोलत होते आणि पेन्सिल माझ्या जबड्याच्या कागदावर दाढेच्या जागी येऊन थांबली. त्यांनी खाट काढली, मग तिच्या कुशीत बाण. अजून भिंतीवरचंच अक्षर होतं, मोठ्या दुखण्याचं नव्हतं. मग त्यांनी आरसा बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि नेहमीसारखं माझ्याकडे पाहत थांबले, कुठे आणि कधीपासून दुखतं ते ऐकायला.

"फानप्पा," मी म्हणालो, "बसवण्णाने नाही सांगितलं. मी सांगितलं. वही मला नकाशा वाटली. आणि ते दात आहेत, माझ्याच आईचे आहेत, हे ठाण्यात कळल्यावरसुद्धा मी तोंड उघडलं नाही. तुम्ही पलीकडच्या खोलीत होता. मला तुमचे बूट दिसत होते. मी तुमचा गुन्हेगार आहे. मला क्षमा करा, आणि बसवण्णाला पत्र लिहा."